दूधकट्ट्यावरची तिसरी गोळी

ती संध्याकाळ आजही आठवते, आणि आठवली की समोरचा दुधाचा पेला मी बाजूला सारतो.

तेव्हा मी कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. बिद्रीच्या रस्त्यावर गाडी अडवून एकाला गोळी घालणारा आरोपी दोन महिने फरार होता. घरावर पाळत ठेवली, मोबाईलचं लोकेशन काढलं, हाती काही लागेना. मग एका खबऱ्याने सांगितलं, "सायेब, गडी तालमीतला हाय. रोज सांजच्याला मंगळवार पेठेतल्या दूधकट्ट्यावर येतोय." मला लगेच पटलं. फरार माणूस घर सोडतो, नाव बदलतो, पण खाण्यापिण्याची सवय त्याला सुटत नाही.

आमच्याकडे कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात. गवळी समोर धार काढून देतो आणि लोक उभ्या उभ्या पेला रिकामा करतात. संध्याकाळी तिथे बायाबापड्या, म्हातारेकोतारे, सगळ्यांची गर्दी. माझा जुना हवालदार म्हणाला, "साहेब, दूध पिऊन निघू द्या. पुढच्या बोळात उचलू." पण बोळाला तीन वाटा होत्या. आरोपी निसटेल ही भीती मला गर्दीच्या काळजीपेक्षा मोठी वाटली. आणि खरं सांगायचं तर, पकडताना आपण स्वतः असावं ही हौसही होती. साध्या कपड्यांत आम्ही चौघं गेलो.

त्याच पेठेत मी पूर्वी चार वर्षं नोकरी केली होती. ते मी विसरलो नव्हतो, मनावर घेतलं नाही इतकंच. आरोपी पेला तोंडाला लावून उभा होता. मी दहा पावलांवर असेन, तेवढ्यात म्हशीखाली बसलेल्या गवळीमामांनी मान वर केली आणि अख्ख्या कट्ट्याला ऐकू जाईल असा आवाज दिला, "अवो सायेब! लय दिसांनी! या की, दूध पिऊन जावा!"

ओळखीचा माणूस दिसल्यावर कोल्हापुरात गप्प कोण बसतं? आरोपीने पेला टाकला आणि कमरेचं पिस्तूल काढलं. त्याची एक गोळी सुटली. मी तीन झाडल्या. म्हशी उधळल्या, लोक किंचाळत पळाले. हवालदाराने आरोपीला मागून धरून खाली पाडलं. वळून पाहतो तर मामा सांडलेल्या दुधात पडलेले, उजवा खांदा रक्ताने भरलेला.

फिर्यादीत मी लिहिलं, 'आरोपीने केलेल्या गोळीबारात गवळी जखमी.' लिहिताना खात्री नव्हती. करून घ्यायचीही नव्हती.

कोठडीत आरोपीने बाकी सगळं कबूल केलं. "बिद्रीचं माझं हाय. गवळ्याचं न्हाय. माझी एकच सुटली, ती वर गेली. तुमच्या किती सुटल्या? मोजा की!" मी त्याच्यावर ओरडलो. मग शिडी घेऊन कट्ट्यावर गेलो. छपराच्या पत्र्याला एकच भोक होतं. माझ्या दोन गोळ्या भिंतीत सापडल्या. तिसरी डॉक्टरांनी मामांच्या खांद्यातून काढली होती. ती माझ्याच पिस्तुलाची, असा प्रयोगशाळेचा अहवाल आला.

खात्याची चौकशी झाली. 'स्वसंरक्षणार्थ गोळीबार, समर्थनीय' असा शेरा पडला. आरोपी खटल्याआधीच आजाराने मेला, त्यामुळे कोर्टात काही निघालं नाही. मामांना कुणी कळवलं नाही. कळवायचं होतं ते मीच.

मामांचा उजवा हात पुन्हा धार काढण्याजोगा झाला नाही. भेटायला गेलो की तेच ओशाळायचे. "माझ्याच तोंडानं घात केला सायेब. मी वरडलो नसतो तर तुमच्याबी जिवावर बेतलं नसतं." मी म्हणायचो, "असू द्या मामा." सहा वर्षं मी हेच म्हणत राहिलो, याची मला लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी जाऊन सांगितलं. गोळी माझी होती. हाकेची चूक नव्हती, ती जागा मी निवडली होती. धार काढणाऱ्या मामींचा हात थांबला. मामा डाव्या हाताने म्हशीची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे एवढी वरसं मी उगाच माझ्या तोंडाला शिव्या घातल्या व्हय?"

नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो. निसटलेला आरोपी पुन्हा सापडतो, गर्दीत सुटलेली गोळी परत घेता येत नाही. आणि चूक झालीच, तर ज्याला लागली त्याला स्वतः जाऊन सांगा, लगेच सांगा.

फिरायला जाताना अजून त्या कट्ट्यावरून जातो. मामा मला पाहतात, मान हलवतात. हाक मात्र मारत नाहीत.