आखूड दोरीचं पेन

अरविंद जगदाळे गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरत होतो. आम्हा पेन्शनरांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. फोन त्याच्या मुलीचा, ऋतुजाचा होता. सकाळी चहा घेताना बाबा बसल्या जागी गेले, एवढंच ती कशीबशी म्हणाली. फोन ठेवल्यावर मी काय केलं? उरलेला फॉर्म भरला, सही केली, खिडकीत दिला, पोचपावती घेतली आणि मग रिक्षा शोधली. रेल्वेच्या कार्मिक विभागात आयुष्य काढलेल्या माणसाचे हात असेच चालतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खोटी होती. मला त्या घरात जायची भीती वाटत होती... ती का, हे सांगायला आज सहा आठवड्यांनी बसलो आहे.

अन्नपूर्णा भागातल्या पुष्कळ मुलांना अरविंद माहीत असेल. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं फॉर्म भरायचं दुकान. आधी टाइपरायटर होता, मग झेरॉक्स आली, मग कॉम्प्युटर. रेल्वेची भरती निघाली की बाहेर चपलांचा ढीग पडायचा. पण दुकानाची रीत मोठी त्रासदायक होती. अरविंद कोणाचाही फॉर्म स्वतः भरत नसे. टेबलाला खिळा ठोकून त्याला दोरीनं एक पेन बांधलेलं होतं. त्या पेनानं मुलानं आधी कागदावर सगळं स्वतः लिहायचं, अरविंद प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून तपासणार, शेवटी बोट सहीवर येऊन थांबणार, आणि मगच कॉम्प्युटर. तिथंही कीबोर्ड मुलाकडे वळवलेला. "भिया, नौकरी तुला पाहिजे ना? मग तुझ्याच हातानं लिही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाजूच्या दुकानात हेच काम दहा मिनिटांत व्हायचं, त्यामुळे निम्मी मुलं उठून तिकडे जायची. पेनाची दोरी इतकी आखूड होती की लिहिणाऱ्याला टेबलावर वाकावंच लागे. पेनं चोरीला जातात म्हणून, असं तो सांगायचा. लोक त्याला चक्रम म्हणायचे, आणि त्यांच्यात बसून मीही हसायचो. ही रीत कुठून आली ते त्या हसणाऱ्यांत फक्त मला ठाऊक होतं.

अडतीस-चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघं परदेशीपुऱ्यात एकाच गल्लीत राहायचो. त्याचे पणजोबा संस्थानाच्या पागेत होते, वडील कापडाच्या मिलमध्ये, आणि मिल बंद पडलेली. घरात आता पगार आणायचा तो अरविंदनं, हे न बोलता ठरलेलं होतं. त्याला स्टेशन मास्तर व्हायचं होतं. मला कुठलीही सरकारी खुर्ची चालली असती. रेल्वेत माणूस घेतात कसा, तर आधी प्रत्येक विभाग आपल्या रिकाम्या जागा कळवतो, त्यावरून भरती मंडळ जाहिरात काढतं, लेखी परीक्षा होते, मग कागदपत्रांची तपासणी, मग डॉक्टर, मग निवड यादी, आणि यादीतली माणसं पुन्हा विभागांना वाटून दिली जातात. या सगळ्यात उमेदवार मंडळासमोर पहिल्यांदा येतो तो अर्जातून. त्या काळी अर्ज कागदावर असायचा आणि त्यात एक चौकट असायची. दिलेला इंग्रजी परिच्छेद त्या चौकटीत उमेदवारानं स्वतःच्या अक्षरात उतरवायचा. परीक्षेला बसलेला माणूस आणि अर्ज करणारा माणूस एकच आहे, हे पुढे त्या अक्षरावरून ताडून पाहत.

शेवटच्या तारखेला चार दिवस उरले होते आणि अरविंद लालबाग राजवाड्याच्या मैदानावरच्या जत्रेतून परतताना सायकलवरून पडला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. तो डाव्या हातानं परिच्छेद लिहायला बसला. अक्षरं कोंबडीनं पाय उमटवावेत तशी. मला माझ्या अक्षराचा भारी तोरा होता, शाळेत फळ्यावरचे सुविचार मीच लिहायचो. मी म्हटलं, हे असलं पाहून फॉर्म फेकून देतील, आण इकडे. त्यानं विचारलं, "चालेल का रे? स्वतःच्या अक्षरात लिहिलंय इथे." मी म्हटलं, कोण बघतंय! आणि एकाच टेबलावर, एकाच पेनानं, आधी माझा आणि मग त्याचा परिच्छेद लिहून काढला. सही तेवढी त्यानं प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांनी केली. त्याची आई खूश होऊन म्हणाली की सुधाकरनं लिहिलं म्हणजे फॉर्म पास होणारच.

हात वेळेत बरा झाला. लेखी परीक्षा दोघंही पास झालो, त्याचे गुण माझ्याहून चांगले. कागदपत्रांच्या तपासणीला आम्हाला एकाच दिवशी बोलावलं होतं. तिथं प्रत्येकाला तोच परिच्छेद समोर बसवून पुन्हा लिहायला लावतात. त्याचा नंबर आधी होता. मी बाहेर बाकावर बसलो होतो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला... त्याला आत विचारत होते, हे अक्षर कोणाचं? प्लास्टरचं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न लिहिणाऱ्याच्या नावाचा आला असता, आणि लिहिणाऱ्याचा अर्ज त्याच गठ्ठ्यात पडलेला होता. त्यानं सांगितलं की पोस्टाबाहेर बसणाऱ्या कुणा अनोळखी माणसाकडून भरून घेतला. मग परीक्षाही दुसऱ्यानंच दिली नसेल कशावरून, असं झालं. अर्ज रद्द आणि रेल्वेच्या सगळ्या परीक्षांना कायमची बंदी.

तो बाहेर आला, माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "सुध्या, आत काही बोलू नको. दोघं कशाला बरबाद व्हायचं?"

मी आत गेलो. परिच्छेद लिहिला. साहेबांनी अर्जाशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "राइटिंग बहुत अच्छी है आपकी." मी म्हटलं, थँक यू सर. हे तीन शब्द मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. नोकरी गमवायची भीती माणसाला वाटते, ती मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण त्या क्षणी मला कौतुकानं बरं वाटलं होतं. बाहेर बाकावर अरविंद बसलेला होता आणि मला बरं वाटलं होतं.

अजून एक आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, कार्मिक विभागात फायली लावताना, अशाच एका बंदीविरुद्ध केलेला अर्ज माझ्या हाती आला. हात मोडल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि लिहिणाऱ्याचा लेखी जबाब, एवढ्यावर बंदी उठलेली होती. मी तो कागद दोनदा वाचला. लिहिणाऱ्याचा लेखी जबाब. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. कायम झालो की बघू, म्हटलं. कायम झालो. मग लग्न झालं, बढती आली, अरविंदचं नोकरीचं वय उलटून गेलं, आणि मग बघण्यासारखं काही उरलंच नाही. पुढे मी स्वतः त्या तपासणीच्या टेबलामागे बसू लागलो. अरविंद फोन करायचा, जातीच्या दाखल्याचा नमुना केंद्राचा लागेल की राज्याचा, फोटो किती जुना चालेल, आणि मी मोठ्या तोऱ्यात त्याला नियम समजावून सांगायचो. दर दिवाळीला त्याच्याकडे फराळाला जायचो.

निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून मी त्याला दुकानात विचारलं की वहिनींना सगळं सांगून टाकू का. तो कुठल्याशा मुलीचा फॉर्म तपासत होता. बोट रकान्यावरच ठेवून म्हणाला, "आता सांगून कोणाला आराम पडणार आहे, सुध्या? तुलाच ना?" आणि पुढच्या रकान्याकडे वळला. मी घरी येताना समजलो की त्यानं मला माफ केलं. सोयीचं होतं म्हणून तसं समजलो.

तो गेला त्या दिवशी मंदावहिनी येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगत होत्या. "स्टेशन मास्तर झाले असते हो. पोस्टाबाहेरच्या कुठल्या फालतू माणसाकडून फॉर्म भरवून घेतला यांनी, आणि जिंदगीभर भोगत राहिले. शकल पण याद नव्हती यांना त्याची. कोण मेला होता, देव जाणे." मी भिंतीला टेकून बसलो होतो. कोणीतरी हातात चहा दिला. तो मी प्यायलो.

इथवर लिहून झाल्यावर हा मजकूर छापायला पाठवण्याआधी पानं घेऊन मी अन्नपूर्णाला गेलो. दुकान आता ऋतुजा चालवते, रीत तीच ठेवली आहे. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी अरविंदच्या खुर्चीवर बसून गहू निवडत होत्या. पानं पुढे केली तेव्हा चष्मा लावता लावता म्हणाल्या, "सुंदर अक्षर आहे हो भाऊजी तुमचं. हे नेहमी म्हणायचे." मग वाचू लागल्या. मी उभाच होतो. ओळीवर बोट ठेवून वाचायची सवय त्यांनाही लागलेली दिसली. एका जागी बोट थांबलं, बराच वेळ थांबलं, आणि पुन्हा चालू लागलं.

वाचून झाल्यावर त्यांनी पानं नीट जुळवली. विचारलं, "दर दिवाळीला यायचात ना तुम्ही?" मी हो म्हटलं. "माझ्या हातचं खायचात." मी हो म्हटलं.

मग त्यांनी शेवटचं पान टेबलावर माझ्या बाजूला वळवलं, अरविंद ठेवायचा तसं खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सही राहिली आहे. पूर्ण नावानं करा."

खिशात माझं पेन होतं, मी ते काढू लागलो. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचं पेन पुढे सरकवलं. त्याची दोरी आखूडच आहे. मी वाकलो आणि सही केली.