दुसऱ्याच्या हाताची काठी

दाजींना घाण सहन व्हायची नाही, आणि पोटापाण्याचा धंदा नेमका घाणीचाच होता. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवायच्या, आतलं कुजकं काढायचं, नवीन भरून शिवून द्यायचं. वरून मखमल असलेल्या सोफ्याच्या पोटातून काय निघेल त्याचा नेम नसे. कापलेली नखं, केसांचे गुंते, चोखून चोखून कंटाळा आल्यावर फटीत सरकवलेल्या गोळ्या. एकदा अख्खी कवळी निघाली. दाजींनी ती चिमट्याने उचलून कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला दिली, तर तो गृहस्थ म्हणाला, "अरे वा, ही तर बाबांची," आणि तिथल्या तिथे अंगठ्याने पुसून खिशात घातली. बाबा अजून हयात होते. त्या दिवशी दाजींचा डबा तसाच घरी परत गेला.

अशा माणसाला पूल खेळायला नेलं ते त्यांच्या मेहुण्याने. बायकोचा थोरला भाऊ, घरात सगळे त्याला दादा म्हणायचे. टायरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर पूलचा हॉल होता, आणि तिथे दादाचा दरारा होता. भावोजींची ओळख करून देताना तो "हे आमचे दाजी" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून टेबल पुसणाऱ्यापासून मालकीणबाईंपर्यंत सगळेच दाजी म्हणू लागले. एका दिवसात अख्खा हॉल सासरवाडी झाला.

खेळ दाजींना आवडला. दिवसभर दुसऱ्यांचा मळ उपसल्यावर समोर साफ हिरवं कापड, त्यावर चकचकीत गोळे, एकाला एक लागल्याचा तो कोरडा टक्क आवाज. अडचण एकच होती, काठी. क्यू म्हणतात तिला, पण हॉलमध्ये सगळे काठीच म्हणायचे. भिंतीलगतच्या स्टँडमध्ये पंधरावीस काठ्या उभ्या असत, आणि कुणीही यावं, कोणतीही उचलावी. एकीच्या मुठीवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती पट्टी घामाने काळी तुळतुळीत झाली होती. एकीच्या बुडाशी दातांचे व्रण होते. कुणीतरी डाव बघता बघता चावली असावी. एकीला स्वस्त अत्तराचा वास यायचा, आणि एक काठी बोटांतून सरकताना अशी चिकटायची की तिच्यावरून गोगलगाय गेली असावी. दाजी खेळून झालं की नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचे. लोक हसायचे.

दादा सांगायचा, "एकच काठी धरा. रोज तीच. हात बसत नाही तोवर खेळ बसत नाही." सल्ला खरा होता. पण सांगताना तो काठीच्या टोकावरच्या कातडी टिपला जिभेचा शेंडा लावायचा, मग टिप गोळ्यावरून घसरू नये म्हणून त्यावर खडू घासायचा, आणि निळे ओठ घेऊन पुढे बोलायचा. त्याचा गुडघा दुखायचा. पँट वर करून तो चारचौघांत गुडघ्याला मलम चोळी आणि उरलेलं टेबलाच्या कापडाला नाही तर जवळच्या माणसाच्या पाठीला पुसून टाकी. पाठ थोपटल्यासारखं करून. दाजींचे दोन सदरे त्यापायी गेले.

तरी दाजींनी काठी निवडायचं मनावर घेतलं. सोफ्याची लाकडं पारखणारा माणूस तो. एकेक काठी डोळ्यासमोर धरून बाक आहे का बघायचे. टेबलावर लोळवायचे, वाकडी असली की ती लंगड्यासारखी चालते. बोटावर तोलून वजन कुठे आहे ते बघायचे. टिप चपटी झाली आहे की घुमटासारखी गोल आहे ते नखाने चाचपायचे. आणि सगळ्यात शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, मूठ नाकाशी न्यायचे. बहुतेक काठ्या तिथेच बाद व्हायच्या.

मनासारखी मिळाली ती स्टँडमध्ये नव्हतीच. मालकीणबाई तिने उंच खिडकीची कडी ढकलायच्या. टिप उडालेली, पॉलिश गेलेलं. पण सरळ होती, आणि वर्षानुवर्षं तिच्याशी कुणी खेळलं नव्हतं. दाजींनी विचारलं तर बाई म्हणाल्या, "न्या की. मला झाडूचा दांडा चालेल." दाजींनी ती दुकानात नेली, बारीक कागदाने घासली, सोफ्याच्या चामड्यातला चांगला तुकडा कापून टिप बसवली, आणि उरलेल्या रेक्झिनची खोळ शिवली. त्या दिवसापासून ती काठी दाजींची. कुणी हात पुढे केला की दाजी ती पाठीमागे घेत. खेळ खरंच सुधारला. कुठे मारलं की पांढरा गोळा कुठे थांबेल हे हाताला आपोआप कळू लागलं, आणि वर्षभरात दादाने त्यांना जोडीला घेतलं.

हॉलमध्ये जोड्यांची स्पर्धा असायची. बक्षीस म्हणजे एक चषक, तोही दरवर्षी तोच, फक्त खालची नावाची पट्टी नवीन. दादाला तो गेली काही वर्षं सलग मिळालेला होता आणि यंदाही हवा होता. अंतिम फेरीत समोर आले मासळीबाजारातले बहीणभाऊ. दोघांचा एकच गाळा. ती तोलायची, तो कापायचा. खेळायला यायच्या आधी दोघं कपडे बदलून यायचे, पण वास कपड्यांचा थोडाच असतो? तो माणूस टेबलाशी वाकला की दाजी दोन पावलं मागे सरकत. कधी हस्तांदोलनाची वेळ आली तर दाजींना नेमका खोकला यायचा.

सामना रविवारी दुपारी होता. दाजींची बायकोही बघायला आली होती. नवरा आणि भाऊ एका बाजूने खेळणार याचं तिला भारी अप्रूप. पहिला डाव बहीणभावांनी घेतला. भाऊ तर असा खेळत होता की टेबलाभोवतीची कुजबूज बंद झाली. मग चहासाठी थोडा वेळ थांबले. सगळे खिडकीपाशी गेले. काठ्या टेबलाला टेकवून ठेवल्या होत्या, आणि दादा तिथेच खुर्चीत गुडघा चोळत बसला होता.

चहानंतर मासळीवाल्याचा हात बिघडला. सरळ, सोपा फटका, आणि टिप गोळ्यावरून घसरली. फिस्स आवाज झाला, पांढरा गोळा भलतीकडेच गेला. त्याने पुन्हा खडू लावला. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तर गोळा टेबलावरून उडाला. लोक हसले. दादा म्हणाला, "खवले धुऊन या हातावरचे, मग खेळा." हशा वाढला. मासळीवाल्याने खरंच आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि ते पँटला पुसले. हसणाऱ्यांत दाजीही होते. त्यांनाही वाटलं होतं, हा बुळबुळीत हाताचाच परिणाम.

दुसरा डाव असा फुकटात मिळाला. तिसरा लावायला घेतला तेव्हा मासळीवाल्याची काठी टेबलाच्या कडेवरून घरंगळून दाजींच्या पायाशी पडली. उचलून द्यावीच लागली. दाजींनी ती दोन बोटांनी उचलली, आणि सवयीने, अगदी नकळत, टोक नाकापाशी आलं. मासळीची दुर्गंधी येणार म्हणून त्यांनी आधीच श्वास आखडला होता. पण मासळीचा वास आलाच नाही. वास आला तो कापूर, निलगिरी आणि चरबीचा. टिपवर खडू धरत नव्हता; चामडं ओलसर चमकत होतं. हाच वास त्यांच्या दोन सदऱ्यांतून धोब्यालाही काढता आला नव्हता.

इतकी घाण दाजींनी आयुष्यात हाताळली होती, पण अशी किळस त्या कवळीच्या वेळीही आली नव्हती. ते दादाजवळ गेले आणि हळूच विचारलं. दादा गोंधळला नाही. हसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, खेळ म्हटला की थोडं इकडेतिकडे चालायचंच. आपण जिंकतोय ना? मग नाक खुपसू नका."

खांद्यावरचा हात गरम होता, आणि थोडा तेलकट.

दाजी टेबलाकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा खालीच आला. "यांचा हात बिघडलेला नाही," ते म्हणाले. "यांच्या टिपला मलम लावलंय. आमच्या दादांनी."

मालकीणबाईंनी काठी घेतली, हुंगली आणि टेबलावर ठेवली. मासळीवाल्याची बहीण पुढे झाली, दादाच्या अगदी समोर उभी राहिली. भावाने तिचं मनगट धरलं. मग सगळे एकदम बोलू लागले, आणि दाजींना किळस आली ती त्या बोलण्याची. अरे, चुकून लागलं असेल. काठी बाजूला करताना हाताचं लागतंच की. एवढ्यातेवढ्यावरून सोन्यासारखा सामना कशाला नासवायचा? दादा तर सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता की आपला गुडघाच असा, काय करणार. अर्ध्यांना खरं काय ते कळलं होतं, आणि कळूनही त्यांना अंधार पडायच्या आत सामना संपलेला हवा होता. शेवटी मालकीणबाईंनी निकाल दिला: दुसरा डाव रद्द, तो पुन्हा खेळायचा.

पण मासळीवाल्याची टिप कामातून गेली होती. चामड्याने मलम पिऊन टाकलं होतं. तो स्टँडकडे गेला, एक काठी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. त्या काठ्यांची लायकी दाजींना तोंडपाठ होती. त्यांनी आपली खोळेतली काठी त्याच्यापुढे धरली. "हिच्यानं खेळा," एवढंच म्हणाले. त्याने घ्यायला वेळ लावला. मग ती घामेजलेली, आयुष्यभराची मासळी मुरलेली बोटं त्या मुठीवर बसली, आणि दाजींनी ते बघितलं. नजर वळवली नाही. स्वतःसाठी त्यांनी हाताला येईल ती काठी काढली. ती नेमकी चिकटपट्टीवाली निघाली.

आता गोष्ट रंगवून सांगायची तर इथे बहीणभाऊ जिंकायला हवे होते. तसं झालं नाही. परक्या काठीने मासळीवाला बरा खेळला, पण नुसता बरा. दाजी चिकटपट्टीला वैतागत कसेबसे खेळले. दादा मात्र असा खेळला की बघणाऱ्याने बोटं तोंडात घालावीत. पुन्हा खेळलेला दुसरा डाव त्याने घेतला, तिसऱ्यातही शेवटचा काळा गोळा लांबच्या कोपऱ्यात अलगद घातला, आणि चषक पुन्हा त्याचाच. दाजींना सगळ्यात जास्त शिसारी आली ती याचीच. या माणसाला मलमाची गरजच नव्हती. अंगात हुन्नर असूनही त्याला मलमच आधी सुचलं.

फोटो काढायला बोलावलं तेव्हा दाजी नळापाशी होते. हात धुऊन झाले होते, तरी ते तिथेच उभे होते. मासळीवाला काठी घेऊन तिथेच आला. त्याच्या खांद्यावर मालकीणबाईंचा टॉवेल होता आणि काठी बुडापासून टोकापर्यंत ओली होती.

"साबणानं धुतलीय," तो म्हणाला. "दोनदा. तुम्हाला आमचा वास चालत नाही, ठाऊक आहे मला."

दाजींना खोकला आला नाही. साबणापाण्याने लाकूड फुगतं, अशी काठी कधी धुवायची नसते, हे दोनदा ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. काठी घेतली. आपली मागे सरकणारी दोन पावलं या माणसाने इतके महिने मोजली होती. दादाची किळस येते तशीच किळस यावी असं आपलंही हे वागणं होतं, हे त्यांना तिथे नळाशी कळलं.

संध्याकाळी दादा घरी जेवायला आला, चषक घेऊन. तो त्याने ताटांच्या मधोमध ठेवला. झालेल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. वाढून घेत, बोटं चाटत, बहिणीला कुठला फटका कसा मारला ते सांगत होता. दाजींनी ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने बायको मागोमाग आली.

"चारचौघांत त्याचं नाव घ्यायची काय गरज होती?" तिने विचारलं. "लहानपणीही तो असाच करायचा. पत्ते खेळताना हुकमाच्या पानांना थुंकी लावून खुणा करायचा. आम्ही हसायचो."

"तुम्ही हसायचात," दाजी म्हणाले.

ती बाहेर गेली आणि तिचा आवाज ऐकू आला, चढलेला नाही, पण नेहमीचाही नाही: "दादा, तो चषक खाली काढून ठेव. जेवणाच्या जागेवर नको." दादा हसला. दुसऱ्यांदा सांगितल्यावर हसायचा थांबला. पण जेवण मात्र त्याने पोटभर केलं, आणि जाताना पुढच्या वेळी जेवायला काय करावं हेही सांगून गेला.

दादाला नवा जोडीदार मिळायला आठवडाही लागला नाही. हॉलमध्ये त्याचा दरारा आहे तसाच आहे. मलमाची गोष्ट आता त्याची गंमत म्हणून सांगतात, आणि तोही रंगवून सांगतो. दादा असतो त्या वेळी दाजी जात नाहीत. बाजार उठल्यावर, दुपारी, जेव्हा हॉल रिकामा असतो, तेव्हा ते बहीणभावांबरोबर खेळतात. काठी वाळली तशी मधोमध थोडी वाकली. लोळवली की लंगडते. दुसरी निवडायला हरकत नव्हती, मालकीणबाईंनी नवीन मागवल्या आहेत. दाजींनी त्या एकेक हातात घेऊन पाहिल्या, आणि परत ठेवल्या. वाकड्या काठीने सरळ मारायचं म्हणजे जरा उजवीकडे धरावं लागतं, एवढंच.

मासळीचा वास त्यांना अजूनही सहन होत नाही. तो माणूस शेजारी वाकला की नाकपुड्या आपोआप आखडतात, हे काही त्यांच्या हातात नाही. मागच्याच आठवड्यात त्याने विचारलं, "वास येतोय का हो?" दाजींनी काठीला खडू लावला. "येतोय," ते म्हणाले, आणि जागेवरून हलले नाहीत.