चकलीतली पिल्लं

एका परजीवीला मी एकदा गरोदर ठरवलं होतं. हसा, खुशाल हसा. तेव्हा माझा सातवा महिना होता आणि मला पावाच्या लादीतसुद्धा बाळसं दिसायचं.

पनवेलच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होते. खाडीच्या चिखलातल्या गोगलगायी, त्यांच्या आत चपटे कृमी, आणि त्या कृमींच्याही आत आमचा एकपेशीय परजीवी. साध्या मायक्रोस्कोपखाली नुसता ठिपका! मुंबईहून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले, तर जाड भिंतीच्या त्या एका पेशीत चिमुकल्या वर्तुळांची रांग. मी अख्ख्या विभागासमोर ओरडले, "मॅडम, पिल्लं!"

मॅडमचं पालुपद एकच. "दिसतं ते सांग." अशी एखादी बाई तुमच्याही वाट्याला आली असेल. बेडूक कापताना एक मुलगा घेरी येऊन कोसळायला लागला, तर म्हणाल्या, "आधी बेडूक संपव, मग बेशुद्ध हो."

त्यांनी माझा डबा उघडला, चकली काढली आणि मधोमध मोडली. मोडलेल्या कडेला गोल गोल टोकांची रांग.

"मोज. किती पिल्लं झाली चकलीला?"

सगळे खो खो हसले.

"एकच नळी आहे ती, गुंडाळलेली. काप आडवा गेला म्हणून वर्तुळं दिसतात. वेळ आली की नळी सुटते, दुसऱ्याच्या पेशीत घुसते आणि ह्याचा सगळा संसार तिथे ओतते. पोर तुझ्या पोटात आहे, डोळ्यांत कशाला आणतेस?"

त्या पिल्लांपायी शोधनिबंधातून माझं नाव गेलं. चकली मात्र मी खाल्ली. रडत रडत, दोन्ही तुकडे.

इतक्या वर्षांनी, गेल्या वर्षी सुकापूरहून त्यांचा फोन आला. "माझे डोळे गेलेत. स्कॅन बघून भाचा म्हणतो सगळं छान आहे. खोटारडा आहे तो. तू ये."

त्यांच्या पोटाच्या स्कॅनची फिल्म मी खिडकीशी धरली. यकृतभर गोल डाग. वर्तुळांची रांगच रांग.

"दिसतं ते सांग."

पलंगावर त्या एवढ्याशा झाल्या होत्या. मान मात्र ताठ.

"काही नाही, मॅडम. जुने व्रण असतील."

महिन्याभरात त्या गेल्या. माझ्याशी शेवटचं बोलल्या ते त्या दिवशीच. चाचपडत माझ्या हातातून फिल्म काढून घेतली आणि म्हणाल्या,

"आजी झालीस, तरी तुला हवं तेच दिसतं."