अंतराळवीराच्या पोटातली रेवडी

माणिक खोत गडहिंग्लजकडची. नवरा जयसिंग एअर फोर्समध्ये सार्जंट, बिऱ्हाड लखनौच्या सरोजिनी नगरला. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली तेव्हा तिची एक गोधडी बघून मी "फिनिशिंग चांगलं आहे हं" असं प्रमाणपत्र देऊन टाकलं. मला स्वतःला सुईत दोरा ओवायला चष्मा दोनदा पुसावा लागतो, हे तिने बघितलं होतं.

पंच्याऐंशी साली जयसिंगची निवृत्ती आली. त्याला गावी परतायचं होतं, माणिकला नाही.

"गावी गेले की सासूच्या हाताखाली गोठा, काकू. इथं माझी मशीन आहे. कायमचं काम मिळालं तर हे राहतो म्हणालेत."

त्याच सुमारास आमच्या महानगर वस्तीजवळच्या एका विज्ञान भवनात अंतराळाचं दालन उभं राहत होतं. छताला टेकणारं लाकडी रॉकेट, पत्र्याचा उपग्रह, राख आणि प्लास्टरची चंद्रभूमी, सगळं तयार होतं. अंतराळवीर तेवढा उघडा होता. कापडाच्या दुकानातून आणलेला पुतळा तो, त्याला पोशाख कोण शिवणार? तिथले संचालक जगदीश माथुर माझ्या शास्त्रज्ञ यजमानांचे, चंद्रहासांचे, स्नेही. मी छाती पुढे काढून सांगितलं, "हमारी माणिक सी देगी." पोशाख जमला तर दालनाचे पडदे, खोळी, गाइडांचे गणवेश, सगळं काम तिलाच, असं ठरलं.

सल्लागार अर्थातच मी. कॉन्व्हेंटच्या उच्चारात एका इंग्रजी मासिकातला लेख तिला वाचून दाखवला, मराठीत समजावला. वर थंडी भयंकर, ऊनही भयंकर, म्हणून पोशाखाला थरावर थर.

"म्हणजे गोधडीच की," माणिक म्हणाली.

तिने जुनी लुगडी एकावर एक अंथरली, वर पांढरं साटीन घातलं आणि टाके घालायला बसली. मी इंचांतली मापं सांगत राहिले. तिने त्यातलं एकही घेतलं नाही, आणि पोशाख पुतळ्याला चपखल बसला.

पोटापाशी तिने थोडी जागा उघडी ठेवली होती. "गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये. आमच्याकडं भाकरीचा तुकडा घालून मग शेवटचा टाका घालतात."

शास्त्रज्ञाच्या बायकोने इथे तिला चार शब्द सुनवायला हवे होते. मी म्हणाले, "एवढा लांब निघालाय बिचारा, कोरडी भाकरी काय देतेस?" आणि डब्यातल्या मूठभर रेवड्या काढल्या.

"नको काकू, मुंग्या लागतील."

"एवढ्या थरांतून मुंगीला वास येत नाही," मी ठणकावलं. हे मला कोणी शिकवलं होतं, देव जाणे.

संध्याकाळी हे ऐकून चंद्रहासांनी विचारलं, "चहाचं विचारलंस का त्याला?"

उद्घाटनाच्या सकाळी चंद्रावर जीवसृष्टी सापडली. खिडकीतून निघालेली मुंग्यांची रांग चंद्रभूमी ओलांडून, पांढऱ्या पायावरून सरळ पोटात शिरत होती.

"भाभीजी, ये क्या है?" माथुरसाहेब.

मी गोधडीच्या परंपरेवर शुद्ध इंग्रजीत बोलू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला, "रेवड़ी?"

"मेरी थी. माणिक मना कर रही थी," मी म्हणाले.

"मेहमान आते होंगे. उतारिए इसे. परदे मैं किसी और से सिलवा लूँगा."

जयसिंग दाराशी उभा होता. त्याने माणिककडे पाहिलं. ती खाली बसली, पोटाचे टाके कात्रीने उसवले आणि रेवड्या झटकू लागली. साटीन लोंबलं, आतले हिरवे, जांभळे, लाल थर दिसू लागले. स्वागतगीताला आलेल्या शाळेच्या मुली रॉकेट सोडून तिच्याभोवती जमल्या.

"आंटी, इतनी परतें क्यों?"

"ऊपर ठंड भी बहुत, धूप भी बहुत. एक कपड़े से नहीं होता," माणिक म्हणाली. मुली एकेक थर बोटाने चाचपू लागल्या.

माथुरसाहेबांनी मुलींच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "रहने दीजिए. इसे ऐसे ही खुला दिखाएँगे."

मी सुटकेचा श्वास टाकला. माणिक मात्र माझ्या कानाशी आली. "काकू, त्यांना सांगा, जमायचं नाही. वरचं लुगडं सासूबाईंचं आहे, फाटकं. ते अख्ख्या लखनौला दाखवू?"

"अगं, काम मिळतंय!"

"मग तुमचं कापड द्या."

तिची नजर माझ्या अंगावरच्या चंदेरीवर होती. खास उद्घाटनासाठी घेतलेली.

"ही?"

"पदराचा मागचा तुकडा पुरे. पाठ कोण बघतंय?"

पाहुणे आले तेव्हा अंतराळवीराच्या पोटात माझी चंदेरी चमकत होती आणि मी रॉकेटला पाठ लावून उभी होते. एका गृहस्थांनी मला तिथली पहारेकरीण समजून जिना कुठे आहे ते विचारलं. मी मानेनेच दाखवला.

माथुरसाहेबांनी पाहुण्यांदेखतच माणिकला पडद्यांची मापं घ्यायला सांगितलं.

"काकू, टेपचं दुसरं टोक धरा जरा," तिने खिडकीजवळून हाक मारली.

मला रॉकेट सोडून हलता येईना. शेवटी जयसिंग पुढे झाला आणि त्याने धरलं.