स्पॅममध्ये गेलेली पाळ

गोंडपिपरीच्या आमच्या पाटबंधारे कार्यालयात मेल सर्व्हरवर स्पॅम ओळखणारं नवं प्लगइन बसवायला ती तंत्रज्ञ एकदाच आली. पत्र स्पॅममधून बाहेर काढलं की फिल्टर त्यातून शिकतो, एवढं सांगून तिनं स्पॅमचा फोल्डर उघडला. त्यात मासेमारी करणाऱ्या बायांचे तलावाच्या बांधाबद्दलचे अर्ज होते: तलावाची पाळ झिरपून राह्यली, लवकर पाहाले या.

"पाळ फुटली का?"

"मागच्या पावसाळ्यात," मी म्हणालो.

तिचा आवाज चढला नाही. "हा कचरा आहे म्हणून मशीनले कोनं शिकवलं?"

रोज तेच अर्ज, म्हणून स्पॅमचं बटण मीच दाबायचो.

तिनं माऊस माझ्याकडे सरकवला. "तुमीच काढा, भाऊ. एकेक वाचून."

शेवटच्या अर्जापर्यंत ती खुर्चीमागं उभी राहिली आणि चहा न घेता गेली.