भारी साडी, हलका परकर

चिखलीच्या शाळेत मला नोकरी लागली आणि पहिला पगार हातात पडताच आई वडनेर भोलजीहून एसटीनं येऊन धडकली. माझं कौतुक करायला नव्हे, माझं कपाट तपासायला. कपाटात चार पंजाबी ड्रेस आणि दोन साध्या साड्या होत्या. ते पाहून तिनं दवाखान्यात पेशंटला भेटायला गेल्यासारखा चेहरा केला.

"मास्तरीण झाली ना तू? मंग लोकायले दिसलं पाह्यजे!"

आमच्या घरात कपड्यांचा हाच एक कायदा. जे लोकांना दिसतं ते भारी घ्यायचं, जे अंगाला लागतं ते कसंबसं चालवायचं. वडिलांचा सफारी वर्षातून दोनदा बाहेर निघायचा आणि पुन्हा डांबरगोळ्यांत जाऊन झोपायचा. त्यांचं रोजचं बनियन मात्र दोरीवर वाळत असलं की त्यातून शेजारचं अख्खं अंगण दिसे.

मी काही वेगळी नव्हते. बी.एड. झाल्यामुळे मला फक्त तसं वाटत होतं. मोबाइलवर एक मुलगी रोज सांगायची, एक वस्तू भारी घ्या, बाकी स्वस्तात भागवा. आईचंच तत्त्वज्ञान होतं ते, फक्त मागे गाणं वाजत होतं. आईचं ऐकून मला राग यायचा आणि त्या मुलीचं ऐकून मी मान हलवायचे.

दुकानात आईनं राणी रंगाची, हातभर जरीकाठाची रेशमी साडी उचलली. मी दोन वेळा "कशाला एवढी?" म्हटलं, पण पदर खांद्यावर टाकून आरशासमोरून हलले नाही. पगाराचा मोठा भाग तिथंच संपला. आईनं हूं की चूं न करता पैसे देऊ दिले. मग परकराची वेळ आली आणि तिच्यातली दुसरी बाई जागी झाली. दहा रुपयांसाठी तिनं दुकानदाराशी अशी हुज्जत घातली की तो बिचारा पार खालच्या फळीवरून एक चकचकीत सॅटिनचा परकर काढून म्हणाला, "घ्या मावशी, याच्याहून सस्ता नाही."

ब्लाउज शिवायला मी गल्लीतल्या खालाकडे गेले. सगळ्या बायकांचे कपडे तीच शिवते. मी न सांगताच तिनं पिशवीतला परकर हातात घेऊन नाडा ओढून पाहिला.

"बाई, हे काय आणलं? यावर रेशमी साडी थांबत नाही, घसरते. पॉपलीनचा शिवून देऊ?"

"खाला, आतल्या कपड्याला कोण एवढा खर्च करतं?"

"साडी त्याच्यावरच टिकते ना बाई," ती म्हणाली. मग मशीन चालू करत पुटपुटली, "आपकी मर्जी."

शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळाचं ताट नेण्याचा मान मला मिळाला. अर्थात साडीमुळेच. मी ताट घेऊन स्टेजची तिसरी पायरी चढले आणि कमरेशी 'टच्च' असा बारीक आवाज झाला. नाडा गेला. ती नऊवार लांब वाटणारी सहावार साडी, तिच्या निऱ्या, तिची जरी, सगळं सावकाश जमिनीकडे निघालं.

मी दोन्ही कोपरं कमरेला आवळली आणि ताट पोटाशी घट्ट धरलं. पाहुण्यांसमोर पोचले तेव्हा पोटात कळ आल्यासारखी वाकलेली होते. हेडमास्तरांनी ताटाला हात घातला. मी सोडेना.

"मॅडम, द्या," ते हळूच म्हणाले.

"नाही सर."

त्यांनी ओढलं, मीही ओढलं. नारळ डुगडुगला. पाहुणे हात जोडून आमच्याकडे पाहत होते. समोर बसलेल्या पोरांना कार्यक्रमात पहिल्यांदाच रस वाटला. शेवटी मी ताटासकट वळले आणि पडद्यामागे पळाले.

तिथं शाळेच्या शिपाईबाई उभ्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मंडपाची उरलेली सुतळी घेऊन त्यांनी माझ्या कमरेला अशी गाठ मारली, जशी बैलाला मारतात. "आता हालल्या बी तरी काही होत नाही," म्हणाल्या. पुढचे दोन तास मी पहिल्या रांगेत खाजणारी कंबर घेऊन हसत बसले. कार्यक्रम संपल्यावर एक जुन्या मॅडम माझा पदर चाचपत म्हणाल्या, "काय शोभते हो तुम्हाला साडी! चालणंसुद्धा किती जपून होतं आज."

म्हणजे पैसे वसूल झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी खालाकडे गेले. सगळं ऐकून ती इतकी हसली की टेप खाली पडली. मग तिनं नीट मापं घेतली आणि पॉपलीनचे पाच परकर शिवले, जाड नाड्याचे. मी चांगल्या चामड्याची चप्पल घेतली. वरून नेसायला बाजारातल्या साध्या सुती साड्या आणल्या. आता दिवसभर फळ्यावर लिहा, बसमागे पळा, कुठं हात लावून सावरावं लागत नाही. स्टाफरूममध्ये कोणी साडीचा पदर चाचपत नाही, हा तेवढा तोटा झाला.

दिवाळीनंतर आई आली तेव्हा कपाट पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"परकरावर पैसे घातले? काऊन वं, डोकं फिरलं काय तुह्यं?"

नांदुऱ्यात तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. त्यासाठी तिनं माझी रेशमी साडी मागून नेली. सोबत, कुरकुरत का होईना, पॉपलीनचा एक परकरही नेला. आठ दिवसांनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती साडी परत आली, घडी घालून, कागदात गुंडाळून. परकर नव्हता. मी फोन करून विचारलं.

"कोणता परकर?" आई म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.