चकाचक काकूंच्या वाट्या

चकाचक काकू हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. रसाच्या दुकानाची फरशी त्या अशी पुसायच्या की गिऱ्हाईक आत पाय टाकायला बिचकायचं. नवरा रसवाला, माणूस भला, पण आळशी म्हणजे किती आळशी! चोथ्याची बादली मागच्या दारी तशीच पडून, माश्या घोंघावतायत, आणि काकूंची तळपायाची आग मस्तकात.

या चोथ्याचं काहीतरी करायचंच, असं बाईंनी डोक्यात घेतलं. संत्र्याच्या साली, गाजराचा चोथा, भाजीवाल्याने टाकलेली कोबीची पानं, सगळं वाटून लगदा केला. लोहाराकडून साचा घडवून घेतला आणि तापवून त्यात वाट्या दाबल्या. खाऊन झालं की वाटी मातीत टाकायची, तिचीच माती होते. सुरुवातीच्या सगळ्या करपल्या, बोटं भाजली, पण बाई हटतील तर शपथ!

नणंद कारखान्याचं कॅन्टीन चालवायची. ती म्हणाली, "वहिनी, सोमवारी आण. गरम सूप टिकलं तर प्लास्टिक बंद, रोज तुझ्याच वाट्या. गळलं तर मात्र पुन्हा नाव काढू नकोस."

रविवारी काकूंनी घरीच सूप ओतून पाहिलं. बघता बघता बुडाला घाम फुटला, मग धारच लागली. काकू फडकं घेऊन धावल्या. लगदा तर पाणी नितळ येईपर्यंत धुतला होता! मग चुकलं कुठे?

"अगं, त्या कोपऱ्यातल्या घेऊन बघ की," रसवाला म्हणाला. "तू बाजारात गेलीस तेव्हा मी केल्यात."

"लगदा धुतला होता?"

"छे! कोण धूत बसतंय?"

काकूंना शिसारीच आली. तरी ओतलं सूप. वाटी काळपट, ओबडधोबड, पण थेंब म्हणून गळेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सालींचा चिकटपणाच वाटी धरून ठेवतो, आणि तो काकू आपल्या हातांनी मोरीत सोडत होत्या.

जन्मभर धुण्यापुसण्याचा तोरा मिरवलेली बाई! पण कुरकुर नाही, रडारड नाही. साली तेवढ्या घासून धुतल्या, वाटल्यावर मात्र पाण्याला शिवल्या नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत टोपलं भरून वाट्या तयार. चूक कळल्यावर लगेच बाह्या सरसावणारी माणसं असतात किती हो? मानलं बाईला!

सोमवारी नणंदेने सुपाची वाटी हातात धरली ती धरलीच. सूप गार झालं, बूड कोरडं ठणठणीत.

"कमाल केलीस, वहिनी! जमवलंस कसं?"

नणंदेच्या तोंडावर तिच्या भावाचं कौतुक करणं किती जड जातं, ते वहिन्यांनाच विचारा. तरी काकू बोलल्याच.

"मला नाही जमलं, वन्सं. जमलं ते यांना."

मागे टोपलं धरून उभ्या असलेल्या रसवाल्याने वळून आपल्या पाठीमागे पाहिलं. बायको कोणाबद्दल बोलतेय, हेच त्याला कळेना.